सड्यावरचा उभा अँटेना: 80 आणि 40 मीटरसाठी निवड आणि जमिनीवरचे तारांचे जाळे

प्रश्न थोडक्यात असा आहे. रत्नागिरी तालुक्यात सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या कातळमाळावर, तुमचे घर आहे आणि घरामागे साधारण 25 बाय 20 मीटर मोकळी जागा आहे. तिथे हौशी रेडिओच्या 80 मीटर बँडसाठी, म्हणजे सुमारे 80 मीटर तरंगलांबीच्या लहरींसाठी, ॲल्युमिनियमच्या नळीचा 12 मीटर उंच अँटेना उभा केला असून त्याच्या तळाशी कॉइल आहे. इलेक्ट्रिशियनच्या सल्ल्याने मीठ-कोळसा घालून अर्थिंगचा खड्डा केला आहे आणि अँटेनाची जमीन म्हणून तोच जोडला आहे. 3.6 मेगाहर्ट्झवर एसडब्ल्यूआर (केबल आणि अँटेना यांची जुळणी दाखवणारा आकडा; 1 म्हणजे पूर्ण जुळणी) 1.1 येतो, 100 वॉट दिले जातात, रात्री दूरची केंद्रे चांगली ऐकू येतात, पण हाकेला उत्तर मिळत नाही. आणखी एक खड्डा घ्यावा की महागातला तयार अँटेना आणावा, असे तुम्ही विचारले आहे. पुढे 40 मीटर आणि जमल्यास 160 मीटरवरही काम करायची तुमची इच्छा आहे.

या दोन्हींपैकी काहीही करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तुमच्या अँटेनात मोठा दोष नाही आणि खड्डाही त्याच्या कामापुरता ठीक आहे. उणीव आहे ती अँटेनाच्या पायथ्यापासून चहूकडे पसरलेल्या तारांची, म्हणजे रेडियलची. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरूनच ते सिद्ध होते.

3.6 मेगाहर्ट्झला तरंगलांबी सुमारे 83 मीटर असते. पाव तरंगलांबीचा उभा अँटेना, म्हणजे जवळजवळ 20 मीटर उंचीचा, 36 ओहमच्या आसपास विकिरण-रोध (लहरींच्या रूपाने बाहेर पडणाऱ्या शक्तीचा वाटा दाखवणारा रोध) दाखवतो. 12 मीटर उंचीच्या, तळाशी कॉइल असलेल्या अँटेनाचा विकिरण-रोध मात्र 8 ते 9 ओहमच भरतो. कॉइलच्या तारेतला ऱ्हास दीड ओहम धरला तर अँटेनाने तळाशी 10 ओहमच्या आसपास दाखवायला हवे होते आणि 50 ओहमच्या केबलवर एसडब्ल्यूआर 5 च्या घरात यायला हवा होता. तुम्ही जुळणीचे कोणतेही साधन लावलेले नाही आणि तरीही 1.1 येतो, याचा अर्थ उरलेले सुमारे 40 ओहम जमिनीच्या ऱ्हासाचे आहेत. म्हणजे 100 वॉटांपैकी जेमतेम 17 वॉट आकाशात जातात आणि बाकीचे कातळ तापवतात. डेसिबलमध्ये ही घट पावणेआठ होते, म्हणजे समोरच्याच्या मीटरवर एका एस-युनिटाहून (सिग्नलच्या ताकदीच्या एका पायरीहून) जास्त. 3.5 ते 3.7 पर्यंत सगळीकडे एसडब्ल्यूआर उत्तम येतो, असेही तुम्ही समाधानाने लिहिले आहे. आखूड अँटेना इतका रुंद पट्टा देत असेल, तर त्याचे कारण ऱ्हास हेच असते. एसडब्ल्यूआर फक्त केबल आणि भार यांची जुळणी सांगतो. तो भार विकिरण करतो की उष्णता, हे सांगणे त्याच्या आवाक्यातले नाही. 50 ओहमचा डमी लोड, म्हणजे नुसती उष्णता करणारा रोध, तर 1.0 दाखवतो.

आता खड्ड्याविषयी. मीठ-कोळशाचा किंवा हल्ली मिळणाऱ्या रासायनिक मिश्रणाचा खड्डा 50 हर्ट्झच्या गळतीसाठी आणि विजेच्या प्रवाहाला वाट देण्यासाठी असतो, आणि त्या कामाला तो हवाच. रेडिओ वारंवारतेला हिशेब बदलतो. सरळ तारेत मीटरला साधारण एक मायक्रोहेन्री इंडक्टन्स धरला, तर खड्ड्यापर्यंतच्या 3 मीटर पट्टीची रिॲक्टन्स (इंडक्टन्समुळे प्रवाहाला होणारा अडथळा) 3.6 मेगाहर्ट्झवर जवळजवळ 68 ओहम होते. ती कॉइल कमी करून भरून काढता येते, पण खरी अडचण पुढे आहे. उभ्या अँटेनाचे विद्युतक्षेत्र त्याच्या भोवतीच्या जमिनीवर दहा-वीस मीटरपर्यंत सगळीकडे उतरते आणि तिथून प्रवाह जमिनीतून तळाकडे परत येतो. या परतीच्या वाटेवर तांबे आहे की कोरडा जांभा, यावर सगळे ठरते. एका बिंदूपाशी खोल गेलेली सळई ही वाट सुधारू शकत नाही. ती खोल गेल्याने फरक पडत नाही आणि तिच्या जोडीला दुसरी सळई दिल्यानेही फारसा पडत नाही. हा प्रवाह आडवा येतो, म्हणून उपायही आडवाच करावा लागतो.

शहरातल्या वाचकांसाठी याच मुद्द्याला जोडून एक सांगतो. तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर उभा अँटेना लावून त्याची जमीन म्हणून खालच्या अर्थिंगपर्यंत 10 मीटर तार सोडण्याची पद्धत दिसते. 7 मेगाहर्ट्झला 10 मीटर म्हणजे जवळजवळ पाव तरंगलांबी. खालचे टोक जमिनीला जोडलेली पाव तरंगलांबीची तार वरच्या टोकाला फार मोठा इंपिडन्स (प्रवाहाला होणारा एकूण अडथळा) दाखवते, म्हणजे अँटेनाच्या दृष्टीने तिथे जमीन जोडलेलीच नसते. मग परतीचा प्रवाह केबलच्या बाहेरच्या जाळीवरून खोलीत येतो आणि मायक्रोफोनला हात लावला की झिणझिण्या येतात. गच्चीवर त्या त्या बँडसाठी कापलेले दोन-चार रेडियल कठड्यालगत पसरावेत आणि खाली जाणारी तार विजेपासून संरक्षणापुरतीच धरावी.

रेडियल किती आणि केवढे लांब, यावर 1937 साली अमेरिकेत ब्राउन, लुईस आणि एपस्टाइन या तिघांनी केलेली मोजमापे आजही पायाभूत आहेत. 3 मेगाहर्ट्झवर, म्हणजे आपल्या 80 मीटरच्या शेजारी, त्यांनी 113 रेडियलपर्यंत जाळे वाढवत नेऊन क्षेत्रतीव्रता मोजली आणि जाळे पुरेसे असेल तर आखूड अँटेनाही पूर्ण पाव तरंगलांबीच्या जवळपास काम करतो, हे दाखवून दिले. अमेरिकेतल्या मध्यमलहरी केंद्रांसाठी 120 रेडियलचा दंडक त्यातून आला. आपल्याला एवढ्याची गरज नाही. हौशी वापरासाठी 16 पर्यंतची प्रत्येक दुप्पट जाणवण्याइतका फरक देते, 32 नंतर फरक कमी होत जातो आणि 60 च्या पुढे तांब्याचा खर्च मिळणाऱ्या फायद्याच्या मानाने भारी पडतो. जमिनीवर पडलेला रेडियल मोजून पाव तरंगलांबीचा असायलाच हवा, हा समजही सोडून द्यावा. जमिनीला टेकताच तार आपला अनुनाद (लांबीनुसार ठरावीक वारंवारतेला जुळण्याचा गुण) गमावते आणि आखूड अँटेनाच्या बाबतीत ऱ्हास पायथ्याजवळच एकवटलेला असतो. म्हणून तेवढीच तार हातात असेल तर 20 मीटरचे चार रेडियल करण्यापेक्षा 8 मीटरचे दहा करणे जवळजवळ नेहमीच हिताचे ठरते.

तुमच्या जागेत अँटेना मध्यावर आणला तर सगळीकडे 8 मीटरचे रेडियल सहज बसतील आणि ज्या दिशेला मोकळीक आहे तिकडे ते 12 मीटरपर्यंत न्यावेत. जाळे अगदी गोल आणि सममित असण्याची गरज नाही. घराच्या पायापाशी एखादा रेडियल वळवावा लागला तर खुशाल वळवावा. 8 मीटरच्या 32 रेडियलना 256 मीटर तार लागते. घरगुती वायरिंगची तार 90 मीटरच्या गुंडाळीत येते, तेव्हा 1 चौरस मिलिमीटरच्या तीन गुंडाळ्या पुरतात. त्याहून स्वस्तात करायचे असेल तर नेटवर्कच्या केबलमधल्या आठ तारा सुट्या करून वापराव्यात. त्या बारीक असतात, पण प्रवाह इतक्या रेडियलमध्ये विभागला जातो की जाडीने फरक पडत नाही. मात्र तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या तारेची स्वस्त केबल घेऊ नये. आवरण असलेलीच तार घ्यावी. कोकणातला खारा वारा आणि जांभ्याची आम्लधर्मी माती उघड्या धातूला टिकू देत नाहीत. बांधकामाची बाइंडिंग वायर तर एका पावसाळ्यात गंजून जाते.

सड्यावर खणता येत नाही, याची तुम्हाला चिंता वाटते. खणायचे कारणच नाही. रेडियल पृष्ठभागावर असणे पुरल्यापेक्षा किंचित चांगलेच असते. कातळावर तार ताणून धरावी, जिथे फटीत माती साचली आहे तिथे जाड तारेचा यू-आकाराचा चिमटा ठोकावा, जिथे माती नाही तिथे चिरा ठेवावा. पावसाळ्यात वाढलेले गवत वाळून बसले की तारा आपोआप त्याखाली दबतात. पहिल्या वर्षी गवत कापण्याचे यंत्र तिकडे फिरवू नये आणि गुरे येत असतील तर तारा विशेष घट्ट धराव्यात.

सगळे रेडियल पायथ्याशी एका वर्तुळाकार तांब्याच्या पट्टीला किंवा स्टेनलेस स्टीलच्या पत्र्याला जोडावेत. त्यासाठी कथील चढवलेले लग (तारेच्या टोकाला बसवायच्या धातूच्या कड्या), स्टेनलेसचे बोल्ट आणि वर ग्रीस वापरावे. तांबे आणि ॲल्युमिनियम एकमेकांना थेट टेकू देऊ नयेत, मध्ये स्टेनलेसचा वायसर हवाच. खाऱ्या हवेत हा सांधा बाहेरून शाबूत दिसतो आणि आतून पांढऱ्या भुकटीचा झालेला असतो. केबलची जाळी या पट्टीला जोडावी आणि पट्टीपासून खड्ड्याकडे वेगळी जाड पट्टी न्यावी.

जमिनीपासून अडीच-तीन मीटर उंचीवर ताणलेले चार रेडियल जमिनीवरच्या कित्येक रेडियलची बरोबरी करतात, हे मोजमापांनी दिसून आले आहे आणि खडकाळ जागेसाठी तो मोह स्वाभाविक आहे. पण उंचावरचा रेडियल अनुनादी लांबीचाच हवा, तो जमिनीला कुठेही जोडलेला नसावा आणि केबलवर चांगला चोक (बाहेरच्या जाळीवरचा प्रवाह अडवणारी कॉइल) हवा. 80 मीटरसाठी असे 20 मीटरचे चार हात तुमच्या आवारात मावत नाहीत. शिवाय त्यांच्या टोकांवर बराच व्होल्टेज असतो आणि तारा अंगणातल्या वावराच्या उंचीवर येतात. फक्त 40 मीटर हवे असते तर 10 मीटरचे चार उंचावरचे रेडियल मी आनंदाने सुचवले असते. दोन्ही बँडसाठी मात्र जमिनीवरचे जाळेच सोयीचे, कारण तेच जाळे प्रत्येक बँडला उपयोगी पडते.

जाळे झाल्यावर अँटेनाकडे वळू. तळाची कॉइल काढून टाकावी आणि उरलेली लांबी वर न्यावी. आहे त्याच नळीच्या माथ्याला 8 मीटर तार जोडून ती आडवी एखाद्या आंब्याच्या किंवा माडाच्या दिशेने इन्सुलेटर आणि नायलॉन दोरी लावून ओढावी, म्हणजे उलट्या ‘एल’ आकाराचा पाव तरंगलांबीचा अँटेना तयार होतो. उंची तीच, 12 मीटर, पण प्रवाह आता उभ्या भागात वरपर्यंत भरपूर वाहतो आणि विकिरण-रोध 8-9 ओहमवरून सुमारे 22 ओहमवर जातो. जमिनीचा ऱ्हास 15 ओहमवर आणता आला, तर जुन्या रचनेत शंभरातले 34 वॉट बाहेर पडले असते आणि या रचनेत 60 पडतील. आजच्या 17 वॉटांच्या तुलनेत ही वाढ साडेपाच डेसिबलची आहे. महागड्या तयार अँटेनाने हे साधले नसते. जे तयार अँटेना ‘रेडियलची गरज नाही’ असे सांगून विकले जातात, तेही परतीचा प्रवाह कुठून तरी घेतातच, आणि बहुधा तो तुमच्या केबलवरून घेतात. 13 मीटरच्या आसपासचे, तळाशी ट्रान्सफॉर्मर लावून सगळ्या बँडवर चालणारे अँटेना वरच्या बँडवर सोयीचे आहेत, पण 160 मीटरवर त्यांचा विकिरण-रोध अडीच-तीन ओहमच उरतो आणि ट्यूनर त्याची जुळणी करून देतो म्हणून तो काम करतो, असे होत नाही.

40 मीटरसाठी त्याच तळापासून 10 मीटरची दुसरी तार नळीपासून अर्धा मीटर अंतर राखून उभी न्यावी आणि दोन्ही एकाच ठिकाणी जोडाव्यात. 7.1 मेगाहर्ट्झला 80 मीटरची रचना जवळजवळ अर्ध्या तरंगलांबीची होते आणि तळाशी मोठा इंपिडन्स दाखवते, त्यामुळे 40 मीटरचा प्रवाह बहुतांशी नव्या तारेतच जातो. दोघांचा एकमेकांवर थोडा परिणाम होतो, म्हणून आधी 80 मीटरची लांबी, मग 40 मीटरची आणि पुन्हा एकदा 80 मीटरची, अशा क्रमाने छाटणी करावी. सुरुवातीला दोन्ही तारा अर्धा मीटर जास्तच ठेवाव्यात.

आता मोजणी, आणि इथे मी आग्रही आहे. छोटा नॅनो-व्हीएनए (अँटेनाचा रोध आणि अनुनाद मोजणारे यंत्र) तळाशी जोडून अनुनादाच्या ठिकाणचा रोध वाचावा. चार रेडियल जोडून वाचा, आठ जोडून वाचा, सोळा, बत्तीस, आणि प्रत्येक आकडा वहीत उतरवा. रोध उतरत जाईल आणि एसडब्ल्यूआर बिघडत जाईल. हे बिघडणे म्हणजेच सुधारणा आहे, हे मनाशी पक्के करा. रेडियल दुप्पट केल्यावरही रोध एका ओहमहून कमी उतरला, तर थांबायची वेळ झाली. समजा तो 30 ओहमवर स्थिरावला. तेव्हा अँटेना किंचित आखूड करावा, म्हणजे तो थोडा कपॅसिटिव्ह (कपॅसिटरसारखा वागणारा) होईल, आणि तळाशी अँटेना व रेडियलची पट्टी यांच्यामध्ये सुमारे पावणेतीन मायक्रोहेन्रीची कॉइल जोडावी. 5 सेंटिमीटर व्यासावर 5 सेंटिमीटर लांबीत जाड तांब्याच्या तारेचे नऊ वेढे तेवढे देतात. वेढे थोडे दाबून-ताणून एसडब्ल्यूआर 1 च्या जवळ येतो. हीच कॉइल 40 मीटरवर फार अडथळा करत नाही, उलट तार जराशी छाटली की तिथली जुळणीही सुधारते. तिचा आणखी एक उपयोग आपल्या हवामानात मोलाचा आहे: तिच्यामुळे सगळा अँटेना एकदिश विद्युतप्रवाहासाठी जमिनीला जोडलेला राहतो आणि वळवाच्या ढगांखाली साचणारा स्थिर विद्युतभार सतत वाहून जातो.

विजेसाठी मात्र तेवढ्यावर विसंबू नये. केबल घरात शिरते तिथे सर्ज अरेस्टर (विजेचा अचानक आलेला लोंढा जमिनीकडे वळवणारे उपकरण) लावावा, तो जाड आणि आखूड पट्टीने खड्ड्याला जोडावा आणि घराचे अर्थिंग, अँटेनाचा खड्डा व रेडियलची पट्टी हे सगळे एकमेकांना जोडलेले असावेत. वेगवेगळे अर्थ वेगळे ठेवले, तर जवळपास वीज पडल्यावर त्यांच्यात निर्माण होणारा व्होल्टेज तुमच्या यंत्रातून वाट काढतो. मे महिन्याच्या उत्तरार्धात आणि ऑक्टोबरमध्ये गडगडाट ऐकू येण्याआधीच केबल काढून बाहेर ठेवण्याची सवय असावी. अँटेनाच्या तळाभोवती लाकडी किंवा बांबूचे कुंपण घालावे. प्रक्षेपण चालू असताना कोणाचा, विशेषतः मुलांचा, हात तिथे लागता कामा नये. आडव्या तारेचे मोकळे टोकही हाताच्या आवाक्याबाहेर उंच असावे, कारण सर्वाधिक व्होल्टेज तिथे असतो.

हे सगळे करूनही उभा अँटेना कशासाठी आहे, हे लक्षात असू द्यावे. तो जमिनीलगतच्या कोनात विकिरण करतो आणि डोक्यावर जवळजवळ काहीच पाठवत नाही. पुणे, कोल्हापूर, नाशिक इथल्या मित्रांशी संध्याकाळी 80 मीटरवर बोलायचे असेल, तर आठ-दहा मीटर उंचीवरचा साधा डायपोल (मध्यावर केबल जोडलेली दोन हातांची आडवी तार) त्याला सहज मागे टाकेल, कारण तिथे लहरी सरळ वर जाऊन खाली याव्या लागतात. आवारात शक्य असेल तर दोन्ही ठेवावेत आणि स्विचने बदलावेत. दूरच्या संपर्कासाठी आणखी एक मर्यादा आहे. रेडियल पायथ्याजवळचा ऱ्हास कमी करतात, पण अगदी खालच्या कोनातली ताकद अनेक तरंगलांब्या पलीकडच्या जमिनीवर ठरते आणि ती आपल्या हातात नसते. समुद्राच्या पाण्याची वाहकता साधारण मातीच्या हजारपट असते, म्हणून पुळणीवर पाण्यालगत उभा केलेला अँटेना पाण्याच्या दिशेने विलक्षण काम करतो. सड्यावर आत असलेल्या घराला तो लाभ फारसा मिळत नाही. पण एखाद्या हिवाळी रात्री फायबरचा खांब आणि बॅटरी घेऊन किनाऱ्यावर जाण्यासारखी जागा तुमच्या तालुक्यात आहे, याचा उपयोग जरूर करून घ्यावा.

160 मीटरचा विचार पुढच्या हंगामासाठी ठेवावा. वर सुचवलेल्या रचनेला तळाशी कॉइल जोडून ती 1.84 मेगाहर्ट्झवर आणता येते, पण विकिरण-रोध चार ओहमच्या आसपासच राहतो. शेजाऱ्याच्या परवानगीने आडवा भाग वेगळ्या तारेने 28 मीटरपर्यंत नेता आला तर तो सातपर्यंत चढतो, आणि त्या बँडवर हा फरक पुष्कळ असतो. त्याच वेळी रेडियलची संख्याही वाढवावी लागेल.

तुम्हाला दूरची केंद्रे चांगली ऐकू येतात, ही तुमच्या जागेची मोठी जमेची बाजू आहे. शहरात एलईडी दिवे, इन्व्हर्टर आणि चार्जर यांच्या गोंगाटाने उभा अँटेना ऐकण्यासाठी बहुधा निरुपयोगी ठरतो आणि ऐकण्यासाठी वेगळा छोटा लूप (तारेच्या वेढ्याचा अँटेना) लावावा लागतो. सड्यावर ती वेळ आलेली नाही. तरीही जाळे पूर्ण झाल्यावर सिग्नलबरोबर गोंगाटही थोडा वाढलेला दिसेल, त्याने गोंधळून जाऊ नये.

काम पावसाआधी उरकावे, कारण ओल्या कातळावर मोजलेले आकडे फसवे असतात. तळाचा रोध मेमध्ये, भर पावसात जुलैमध्ये आणि पुन्हा नोव्हेंबरमध्ये वाचून त्याच वहीत लिहावा. ऋतूप्रमाणे काही ओहमचा चढउतार साहजिक आहे, पण कोरड्या दिवसात तो मागच्या वर्षापेक्षा पाच-सात ओहम वर गेलेला दिसला, तर पट्टीवरचे लग एकेक करून सोडून घासावेत. बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो.